पाकिटातले मत

टपाली मतदान म्हणजे मतदाराने मतदान केंद्रावर न जाता, आपल्या नावे आलेल्या कागदी मतपत्रिकेवर खूण करून ती बंद पाकिटात निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे परत पाठवणे. भारतात ही सोय ठरावीक मतदारांपुरतीच आहे. काही देशांत मात्र गावाची किंवा शहराची अख्खी निवडणूक टपालाने होते. वसई-विरारमध्ये तसे करता येईल का, हे पाहण्यासाठी आधी इथली निवडणूक कशी होते ते समजून घ्यावे लागते.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. पहिली निवडणूक २०१० मध्ये आणि दुसरी जून २०१५ मध्ये झाली. दुसऱ्या सभागृहाची मुदत जून २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर साडेपाच वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. अखेर राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी एकाच दिवशी मतदान झाले, त्यात वसई-विरारही होते. इथे ११५ जागा आणि २९ प्रभाग आहेत. २८ प्रभागांतून प्रत्येकी चार आणि एका प्रभागातून तीन नगरसेवक निवडले जातात.

दोन आयोग, दोन व्यवस्था

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ही रचना केली आणि महाराष्ट्रात हा आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. मतदार यादी विधानसभेचीच वापरली जाते, फक्त ती प्रभागनिहाय फोडली जाते. नियम मात्र वेगळे असतात. त्यामुळे लोकसभेला मिळालेली सोय महापालिकेलाही मिळेलच असे नाही.

लोकसभा-विधानसभेत टपाली मतदानाचा परीघ हळूहळू वाढला. सुरुवातीपासून तो सैन्यदलातील मतदार, निवडणूक कामावरचे कर्मचारी आणि प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेले मतदार यांच्यासाठी होता. २०१६ मध्ये नियम बदलले आणि सैनिकांना मतपत्रिका संगणकामार्फत पाठवता येऊ लागली. ती छापून, खूण करून परत यायची ती टपालानेच. २०१९ मध्ये ८० वर्षांवरील आणि अपंग मतदारांचा समावेश झाला. पुढे वयाची अट ८५ करण्यात आली आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर गृहमतदान, म्हणजे घरी जाऊन मत घेणे, झाले. परदेशी राहणाऱ्या भारतीयांना आजही प्रत्यक्ष येऊनच मत द्यावे लागते. आखातात किंवा जहाजावर नोकरीला असलेल्या वसईकरांचे मत म्हणूनच बहुधा बुडते. महापालिका निवडणुकीत तर टपाली मतपत्रिका मुख्यतः निवडणूक कामावर नेमलेल्या कर्मचाऱ्यांसाठीच असते.

प्रभाग लहान, अडचण मोठी

या कर्मचाऱ्यांची अडचण स्थानिक निवडणुकीत अधिक तीव्र असते. लोकसभेच्या वेळी वसईत राहणाऱ्या शिक्षकाची नेमणूक विरारच्या केंद्रावर झाली तरी दोन्ही ठिकाणे पालघर मतदारसंघातच येतात. निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र दाखवून तो नेमणुकीच्या केंद्रावरच मत देऊ शकतो. महापालिकेत मतदारसंघ म्हणजे प्रभाग, काही वस्त्यांचा. कर्मचाऱ्याची नेमणूक स्वतःच्या प्रभागात होणे अपवादाचेच. २०२६ मध्ये मुंबई, मीरा-भाईंदर, ठाणे आणि वसई-विरार या सगळ्या शहरांत एकाच दिवशी मतदान होते. विरारला राहून दुसऱ्या शहरात निवडणुकीचे काम करणाऱ्याला स्वतःचे मत देण्यासाठी टपाली मतपत्रिकेखेरीज मार्गच नव्हता.

या मतपत्रिकेची गुप्तता पाकिटांच्या रचनेवर उभी असते. खूण केलेली मतपत्रिका आतल्या लहान पाकिटात बंद होते. मतदाराचे सही केलेले आणि साक्षांकित घोषणापत्र त्या पाकिटाबाहेर असते आणि दोन्ही मोठ्या पाकिटात जातात. मोजणीच्या वेळी आधी घोषणापत्र तपासतात आणि ते योग्य असेल तरच आतले पाकीट फोडतात. सही राहिली, घोषणापत्र जोडलेच नाही, अनुक्रमांक जुळला नाही किंवा ओळख पटेल अशी खूण केली, तर मत बाद होते. मतदान यंत्रावर मत बाद होण्याची भीती नसते, कागदावर ती पदोपदी असते. वसई-विरारच्या बहुतेक मतदारांना तर एकाच वेळी चार जागांसाठी मत द्यायचे असते, म्हणजे चुकीची शक्यताही तितकी वाढते.

ही मते थोडी असली तरी कधी कधी निकाल त्यांच्यावर ठरतो. २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात यंत्रांवरील मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत रवींद्र वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ मते मिळाली आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. हा मतदारसंघ सुमारे साडेसतरा लाख मतदारांचा होता. प्रभागात मतदार त्यामानाने फार कमी असतात, तिथे पाच-पन्नास पाकिटांचे वजन किती, हे यावरून कळते.

संपूर्ण निवडणूक टपालाने?

अमेरिकेतील ओरेगन राज्याने १९८१ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी टपाली मतदानाचा प्रयोग सुरू केला आणि १९८७ मध्ये तो कायम केला. १९९८ मध्ये तिथल्या मतदारांनी कौल देऊन इतर निवडणुकाही टपालावर आणल्या. पाकिटावरील सही नोंदणीतल्या सहीशी ताडून पाहणे हा तिथल्या पद्धतीचा कणा आहे. स्वित्झर्लंडमध्ये बहुसंख्य मतदार टपालाने मत देतात. न्यूझीलंडमध्ये स्थानिक निवडणुका बरीच वर्षे टपालाने होत आल्या आहेत, पण पत्रव्यवहार घटला, टपालपेट्या कमी झाल्या आणि आता तिथेही या पद्धतीचा फेरविचार सुरू आहे. इंग्लंडमधला धडा कडू आहे. बर्मिंगहॅमच्या २००४ च्या नगरपालिका निवडणुकीत टपाली मतपत्रिकांचा मोठा गैरव्यवहार उघड झाला आणि एप्रिल २००५ मध्ये न्यायालयाने दोन प्रभागांची निवडणूक रद्द केली.

वसई-विरारला हे लागू करायचे तर पहिला अडथळा वेळेचा आहे. २०२६ च्या निवडणुकीत अर्ज मागे घेण्याची मुदत २ जानेवारीला संपली आणि उमेदवारांची अंतिम यादी व चिन्हे ३ जानेवारीला ठरली. त्याआधी मतपत्रिका छापताच येत नाही. उरलेल्या १२ दिवसांत लाखो मतपत्रिका छापणे, घरोघर पोहोचवणे आणि परत गोळा करणे अशक्य आहे. ओरेगनमध्ये उमेदवार मतदानाच्या कितीतरी आधी निश्चित होतात. इथे प्रचाराचा बराचसा भाग शेवटच्या दहा दिवसांतच होतो.

दुसरा अडथळा यादीचा आहे. टपाली निवडणुकीत यादीतला पत्ता हेच मतदान केंद्र ठरते. नालासोपारा हा राज्यातल्या सर्वांत मोठ्या विधानसभा मतदारसंघांपैकी एक आहे. तिथे भाड्याच्या खोल्या दर काही महिन्यांनी बदलतात, चाळींना नीट क्रमांक नसतात आणि पत्ता मागे राहून माणूस पुढे निघून जातो. २०२५ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे लावायला सांगितले. दुबार नावाच्या मतदाराला केंद्रावर अधिकारी अडवू शकतो आणि बोटावरची शाईही त्याला रोखते. टपालात त्याच माणसाला दोन पाकिटे जातील आणि विचारणारे कोणी नसेल.

तिसरा अडथळा गुप्ततेचा. केंद्रावर मतदार पडद्याआड एकटा असतो. घरात मतपत्रिका जेवणाच्या पाटाशेजारी उघडली जाते. सून, म्हातारे आईवडील किंवा भाडेकरू यांचे मत दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत होण्याचा, आणि पाकिटे एकगठ्ठा गोळा करून नेणाऱ्यांचा, धोका खरा आहे. बर्मिंगहॅममध्ये असेच झाले होते.

मधला मार्ग

या तिन्ही अडचणी टाळणारा मार्ग देशातच आजमावला गेला आहे. डिसेंबर २०२० च्या स्थानिक निवडणुकांत केरळने करोनाबाधित आणि विलगीकरणातील मतदारांना विशेष टपाली मतपत्रिका दिल्या आणि मतदान अधिकारी त्यांच्या घरापर्यंत गेले. लोकसभेच्या गृहमतदानातही पथक आधी कळवून घरी येते, आडोसा उभा करते, चित्रीकरण करते आणि बंद पाकीट स्वतः घेऊन जाते. इथे मतपत्रिका टपालखात्याच्या हातून जात नाही, म्हणून उशीर आणि गहाळ होण्याचा प्रश्न उरत नाही. बिहारने जून २०२५ मध्ये काही नगरपालिकांत मोबाइलवरून मतदानही करून पाहिले, पण घरातल्या दडपणाचे उत्तर मोबाइलमध्ये नाही.

वसई-विरारची संपूर्ण निवडणूक टपालाने घेणे आज योग्य नाही. यादी शुद्ध झाल्याशिवाय आणि वेळापत्रक लांबवल्याशिवाय तो विचारही करू नये. पण अंथरुणाला खिळलेल्या ८५ वर्षांच्या आजीचे मत खासदार निवडताना घरी येऊन घेतले जाते आणि दारातले गटार, नळाचे पाणी, गल्लीतला दिवा पाहणारा नगरसेवक निवडताना मात्र तिला वगळले जाते, हा भेद न्याय्य नाही. राज्य निवडणूक आयोगाने पुढच्या निवडणुकीपूर्वी हे गृहमतदान महापालिकेतही आणावे.