प्लग नाही, आधी सिग्नल बघ!

तुमच्या कॉलेजमध्ये वर्कशॉपच्या मागे एखादी शेड असेल बघा, जिचे दिवे रात्री दोन वाजताही चालू असतात. आत पोरं-पोरी कसली तरी रेसकार बनवतायत, एवढंच आपल्याला माहीत असतं. मी मास कॉमची. इंजिनाशी माझा संबंध स्कूटर सर्व्हिसिंगला टाकण्यापुरता. पण या पानासाठी अशा एका फॉर्म्युला स्टुडंट टीमबरोबर तीन रात्री काढल्या आणि एक गोष्ट कळली. तुम्ही इंजिनिअरिंगला नसलात तरी ती तुमच्या कामाची आहे.

टीमची तयारी चालली होती कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जानेवारीत होणाऱ्या 'फॉर्म्युला भारत'साठी. नियम कडक असतात. इंजिन ७१० सीसीपर्यंतच, आणि पेट्रोल इंजिनाला लागणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातूनच आत जायला हवी. ताकदीला आधीच लगाम. त्यामुळे प्रत्येक ठिणगी नेमक्या क्षणी पडणं भागच.

आणि घोडं तिथेच अडलं होतं. गाडी स्टार्ट व्हायची, आयडलला मस्त चालायची. साडेसहा हजार आरपीएमच्या पुढे गेली की मिस मारायला लागायची. सायलेन्सरमधून फटाके, आणि गाडीतला जोरच गायब.

मग सुरू झाला आपल्या सगळ्यांचा आवडता खेळ: अंदाजपंचे. प्लग बदलला. कॉइल बदलली. कोणी म्हणालं पेट्रोलच खराब, म्हणून टाकी रिकामी केली. कोणी लॅपटॉपवर मॅपिंग बदललं. चार दिवस गेले, वर्गणीचे पैसे गेले, दुखणं तसंच. हळूहळू सगळ्यांच्या नजरा वायरिंग करणाऱ्या सेकंड इयरच्या मुलीकडे वळल्या. ती गप्प होती.

ठिणगीला वेळ सांगतं कोण?

थोडं समजून घेऊ, डोक्यावरून जाणार नाही. पिस्टन वर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडावी लागते. फार लवकर पडली तर इंजिन नॉक करतं, आणि तसंच दामटवलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. उशिरा पडली तर ताकद जाते आणि सायलेन्सर तापतो. पिस्टन कुठे आहे हे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, दिसत नाही. क्रँकवर दातेरी चकती बसवलेली असते, तिला म्हणतात ट्रिगर व्हील. या गाडीत ३६ दातांची जागा होती आणि त्यातला १ दात मुद्दाम गाळलेला. समोरचा सेन्सर दात मोजतो. गाळलेल्या दाताची मोकळी जागा आली की ईसीयूला कळतं, 'हां, चक्कर इथून सुरू.'

आता हिशोब बघा. ९,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १५० फेऱ्या मारतो. म्हणजे एक अंश फिरायला सेकंदाचा साधारण ५४ हजारावा भाग लागतो. एवढ्या वेगात सेन्सरने एखादा दात चुकवला किंवा नसलेला दात मोजला, तर ईसीयूचा हिशोबच कोलमडतो. तो ठिणगी चुकीच्या जागी टाकतो, नाहीतर टाकतच नाही. आणि आपण बिचाऱ्या प्लगला शिव्या देतो.

बंदूक खोटं बोलत नाही

तिसऱ्या रात्री कॅप्टनने एका ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडून टायमिंग लाइट आणली. दिसायला बंदूक. प्लगच्या वायरला चिमटा लावायचा, प्रत्येक ठिणगीबरोबर लाइट चमकते. चकतीवर व्हाइटनरने एक रेघ मारली होती. लाइटच्या उजेडात ती फिरणारी रेघ एका जागी थांबल्यासारखी दिसते. जादूच वाटते!

आधी लॅपटॉपवरून टायमिंग १० अंशांवर लॉक केलं. आता आरपीएम कितीही वाढवला तरी रेघ हलायला नको. यातून तीनच निष्कर्ष निघतात, लिहून ठेवा.

रेघ स्थिर आहे, पण १० ऐवजी दुसऱ्याच आकड्यावर? मग फक्त ईसीयूमधला ट्रिगर ऑफसेट चुकलाय. आकडा बदला, काम झालं.

रेघ इकडेतिकडे उड्या मारतेय? मग सेन्सर किंवा चकती ढिली आहे, नाहीतर सिग्नलमध्ये कचरा शिरतोय. सेन्सरची वायर कॉइलपासून लांब न्या, शिल्डेड केबल वापरा आणि तिचं शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. प्लग रेझिस्टरवाला आहे ना, तेही बघा.

रेस वाढवली की रेघ हळूहळू सरकत जातेय? मग सेन्सरच्या दोन वायरी उलट लागल्यात का, हे आधी तपासा. चुंबक आणि कॉइलवाल्या सेन्सरला प्लस-मायनस असतं. बरोबर जोडला तर दात समोरून जाताना सिग्नल झटकन शून्य ओलांडतो आणि ईसीयूला पक्की खूण मिळते. उलटा जोडला तर ती खूण पुसट होते, वेगाबरोबर सरकते आणि मोकळ्या जागेपाशी तर पार गोंधळ उडतो.

आयडलला रेघ दहावर होती. रेस वाढवली आणि ती सरकायला लागली. सगळ्यांनी पाहिलं. लॅपटॉपवर मात्र तेव्हाही ऐटीत १० च दिसत होतं! कारण लॅपटॉप सांगतो ते ईसीयूला वाटतंय ते. खरं काय चाललंय ते चकतीवर दिसतं.

तेव्हा ती सेकंड इयरची मुलगी बोलली. "कनेक्टर तुटला होता, मी नवीन लावला. दोन्ही वायरी काळ्याच होत्या. मला तेव्हाच डाउट होता." मग बोलली का नाहीस, असं कोणीतरी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही सगळे आधीच चिडला होतात."

शेडमध्ये कोणीच काही बोललं नाही. कॅप्टनने तिला ओरडण्याऐवजी मोबाइलचा टॉर्च लावून धरला. तिने पिना काढल्या, अदलाबदल केली. दहा मिनिटांचं काम. पुन्हा लाइट मारली. रेघ आता दहावर नव्हती, पण जिथे होती तिथे ठाम होती. ऑफसेट दुरुस्त केला, रेघ दहावर आली. मग लॉक काढला आणि रेस दिली. साडेसहा, सात, आठ हजार. एकही फटाका नाही!

चार दिवस कशात गेले? टेक्निकल ज्ञान कमी होतं म्हणून नाही गेले. मोजण्याआधी बदलत सुटलो, आणि जिला उत्तर माहीत होतं तिला बोलायची भीती वाटली, म्हणून गेले. प्रोजेक्ट कुठलाही असो, एकांकिका असो की फेस्टचं बजेट, आपलंही असंच होतं ना?

आता त्या शेडच्या भिंतीवर एक वही टांगली आहे. काय बदललं, कोणी बदललं, डाउट काय आहे, असे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यात पहिली नोंद कॅप्टनने स्वतःची केली आहे.