जुनी जीप धंद्याला लावताय? आधी जॅक आणि पाने जुळवा!



कृषी पर्यटन, होमस्टे, कॅम्पिंग, गडाच्या पायथ्यापर्यंत पाहुण्यांची ने-आण असा व्यवसाय सुरू करणारे बरेच जण विचारतात, "सर, जुनी फोर बाय फोर जीप स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" घ्या की! पण गाडीची किल्ली हातात आली म्हणजे गाडी धंद्याला तयार झाली असं समजू नका. व्हिडिओमध्ये मी जॅक लावून दाखवला आहे. इथे मापं आणि यादी सविस्तर देतो.

आधी माझी चूक ऐका

मी पहिली जुनी महिंद्रा जीप घेतली तेव्हा सीटखाली जॅक होता, एक पाना होता. मी म्हटलं, झालं काम! पहिल्याच पावसाळ्यात भंडारदऱ्याहून घाटघरकडे जाताना मागचं डावं चाक पंक्चर झालं. गाडीत सहा पाहुणे, वर धो धो पाऊस. जॅक निघाला छोट्या कारचा. चासीला लावला तर पूर्ण वर करूनही चाक जमिनीवरच. नट सुटेना म्हणून पान्याला पाइप घालून जोर लावला, तर स्टड तुटला. नंतर कळलं, आम्ही नट सोडवत नव्हतोच, उलट आवळत होतो!

दुसरी गाडी मागवली, तिचं भाडं दिलं, पाहुण्यांचे पैसे परत केले. त्या एका दिवसात गेले त्याहून कमी पैशात पुढे मी सगळा संच जमवला. पैशांचं सोडा, ते पाहुणे परत कधी आले नाहीत. नुकसान म्हणतात ते हे.

१. डाव्या चाकाचे आटे तपासा

विलीज घराण्यातल्या अनेक जुन्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. म्हणजे तिथला नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. अशा स्टडच्या टोकावर बऱ्याचदा इंग्रजी 'एल' अक्षर असतं. पण गाडी जुनी, मधल्या मालकाने काय बदललं असेल सांगता येत नाही. म्हणून घरीच चारही चाकांचा एकेक नट सोडवून बघा आणि रिमवर रंगाने बाण काढून ठेवा. पावसात, अंधारात तो बाणच कामाला येतो.

२. जॅक घेताना टन नाही, उंची बघा

दुकानदार विचारेल, "किती टनी देऊ?" तुम्ही आधी घरी माप घ्या. चाकातली हवा पूर्ण सोडा. गाडी खाली बसली की ॲक्सलच्या नळीखाली किती जागा उरते ते मोजा. माझ्या ६.००-१६ टायरच्या गाडीत ती साधारण साडेसात इंच उरली. हवा भरलेली स्टेपनी आरामात बसायला तीच नळी चौदा इंचांपर्यंत न्यावी लागली. म्हणजे मला असा जॅक हवा होता जो खालच्या फळीसकट साडेसात इंचांत आत जाईल आणि चौदा इंचांपर्यंत वर येईल. तुमची मापं वेगळी येतील, पण ही दोन मापं खिशात असल्याशिवाय दुकानात जाऊ नका. माथ्यावर फिरवून वर येणारा स्क्रू असलेला बॉटल जॅक मिळाला तर उत्तम. तरी थोडी उंची कमी पडली तर चाकाखालची माती खुरप्याने उकरा, स्टेपनी बसते.

जॅक चासीला लावू नका, ॲक्सलला लावा. या गाड्यांना पाटे असतात. चासी उचलली की पाटे सैल होऊन खाली येतात आणि चाक जमिनीवरच राहतं. माझं नेमकं तेच झालं होतं. नळीवर, पाट्याच्या यू-बोल्टजवळ जॅक लावा. ब्रेकचा पाइप मध्ये दबत नाही ना ते बघा.

हायड्रॉलिक जॅक गाडीत उभा बांधून ठेवा. आडवा पडून राहिला तर तेल गळतं आणि ऐन वेळी तो उचलत नाही.

३. फळी आणि ठोकळे: फुकटात मिळणारी सुरक्षा

चार इंची चौरस बुडाचा जॅक चिखलात सरळ रुततो. त्याखाली बारा इंच चौरस जाड प्लायवूड ठेवा. १६ चौरस इंचांवरचा भार १४४ चौरस इंचांवर पसरतो, म्हणजे जमिनीवरचा दाब नऊपट कमी. सुताराकडे असा तुकडा सहज मिळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या जीपच्या हँडब्रेकवर विश्वास ठेवू नका. यातल्या बऱ्याच गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे ते हवेत मोकळं फिरू शकतं, आणि मग जमिनीवरचं दुसरं चाकही अडत नाही. गाडी गिअरमध्ये असली तरी तेच. हँडब्रेक ओढलेला असताना गाडी जॅकवरून घसरते ती अशी. म्हणून दोन लाकडी ठोकळे कायम गाडीत हवेत. जॅकला हात लावण्याआधी पुढच्या चाकांना, उताराच्या बाजूने, ते घट्ट लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. काढलेलं चाक किंवा स्टेपनी चासीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल.

४. पाने दोन मापांचे लागतात

विलीज धाटणीच्या गाडीचे नट-बोल्ट इंचांत आणि त्यात प्यूजो डिझेल इंजिन असेल तर ते मिलिमीटरमध्ये. त्यामुळे एकाच मापाचा तयार सेट अर्धाच उपयोगी पडतो. ३/४ इंच म्हणजे १९.०५ मिमी, तिथे १९ चा पाना बहुधा चालून जातो. पण ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी. तिथे १४ चा बसत नाही आणि १५ चा घसरून नटाची धार खातो. गाडीभोवती फिरा, रस्त्यात सोडावे लागतील असे नट मोजा आणि तेवढेच पाने चांगल्या प्रतीचे घ्या.

माझी यादी:

- जॅक, दांडा, फळी, दोन ठोकळे, खुरपं
- व्हीलपाना आणि त्यावर चढणारा दोन फुटी पाइप
- लागणारे रिंग पाने, पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर, हातोडी
- पंप, हवेचं मीटर, जास्तीची ट्यूब
- फॅन बेल्ट, डिझेलचा रबरी पाइप, क्लिपा, फ्यूज, वायर, टेप
- इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, पाच लिटर पाणी
- डोक्याला लावायची बॅटरी, हातमोजे, फडकी, लाल त्रिकोण, प्रथमोपचार पेटी

पाने लोखंडी पेटीपेक्षा ताडपत्रीच्या कप्प्यांत गुंडाळा. खडखडाट होत नाही आणि एखादा कप्पा रिकामा राहिला की लगेच दिसतो.

५. रविवारी रंगीत तालीम करा

फक्त गाडीतलंच सामान वापरून अंगणात चाक बदला. घरातून एकही वस्तू आणायची नाही! क्रम असा: ठोकळे लावा, चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करा, मग जॅक, मग चाक. बसवताना नट समोरासमोरचे आवळा, गाडी खाली घेऊन पुन्हा आवळा आणि ४०-५० किलोमीटरनंतर परत तपासा.

पहिल्यांदा मला पाऊण तास लागला आणि तीन वस्तू कमी निघाल्या. त्या तीन वस्तू रस्त्यात नाही, अंगणात कळल्या. फायदा तो हाच. ड्रायव्हर ठेवला असेल तर ही तालीम त्याच्याकडूनही करून घ्या. यादी पेटीच्या झाकणाला चिकटवा आणि दर महिन्याच्या एक तारखेला टिक करा. स्टेपनीतली हवाही त्याच दिवशी बघा.

मित्रांनो, पंक्चर कोणाच्याही गाडीला होतं, पाहुण्यांना ते कळतं. पण वीस मिनिटांत चाक बदलून तुम्ही हसत गाडी सुरू केलीत, तर तेच पाहुणे चार जणांना तुमचं नाव सांगतील. स्वतःच्या गाडीवर आजमावून न बघितलेला संच म्हणजे नुसतं ओझं.

या रविवारी तालीम करा आणि तुमच्या संचात काय कमी निघालं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!