व्हिडिओ गेममधील हालचाल-नियंत्रण आणि कसलेला खेळाडू : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

घाटकोपरहून मुलुंडकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एखादा विद्यार्थी मोबाईल दोन्ही हातांत आडवा धरून मनगटे किंचित वळवताना हमखास दिसतो. बोटे पडद्यावर असतातच. परंतु नेम तो मनगटाने साधत असतो. ज्या तंत्राला कसलेल्या खेळाडूंनी एकेकाळी पोरखेळ म्हणून दूर सारले, तेच येथे त्यांचे हत्यार झाले आहे. हे कसे घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बटणांऐवजी शरीराच्या हालचालीने खेळ चालविणे म्हणजे हालचाल-नियंत्रण होय. निन्टेन्डो कंपनीने 2006 मध्ये 'वी' हा संच आणला व त्याचे जगभरात 10 कोटींहून अधिक नग विकले गेले. आजी-नातवंडे दिवाणखान्यात टेनिस खेळू लागली. मात्र सरावाने आणि ईर्षेने खेळणाऱ्यांचे त्याने समाधान झाले नाही. याचे कारण केवळ अहंकार नव्हे. त्या रिमोटमधील त्वरणमापक वेगातील बदल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा तेवढी जाणतो. उपकरण उभ्या अक्षाभोवती फिरवले, तर ती दिशा बदलत नाही. म्हणून ते वळण त्याला नीट कळत नाही. परिणामी पूर्ण हात फिरवून मारलेला फटका आणि सोफ्यावर बसून दिलेला झटका यांत खेळ फारसा भेद करीत नसे. जेथे चांगल्या-वाईट हालचालीचे फळ सारखेच, तेथे सराव कशासाठी करावा?

2009 मध्ये 'वी'ला जायरोस्कोपची, म्हणजे वळणाचा वेग मोजणाऱ्या घटकाची, जोड मिळाली. 2010 मध्ये सोनीचे 'मूव्ह' आणि मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट' आले. किनेक्टचा कॅमेरा सेकंदाला 30 चित्रे टिपत असे. त्यावरून शरीराची ठेवण ओळखण्यात आणखी काळ जाई. ताशी 140 किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे 0.45 सेकंदात पोहोचतो, हे लक्षात घेतले म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाचा विलंबही किती महाग पडतो ते कळते. शिवाय एका खेळाडूने किनेक्टपासून सुमारे सहा फूट आणि दोघांनी आठ फूट दूर उभे राहावे अशी अपेक्षा. उपनगरातील वन रूम किचनमध्ये पलंग आणि कपाट यांच्यामधून आठ फूट काढणार कोठून!

मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'मूव्ह'साठी गल्ली क्रिकेटचा खेळ तयार केला, हा प्रयत्न नोंद घेण्याजोगा होता. तथापि चेंडू बॅटवर बसल्याचा हाताला जाणवणारा ठोका कोणताही कंट्रोलर देऊ शकत नाही, आणि खाली सोसायटीच्या आवारात खरा खेळ रंगलेलाच असतो.

मोबाईलने मात्र प्रश्नच बदलला. पबजी मोबाईल 2018 मध्ये आला, 2020 मध्ये त्यावर भारतात बंदी आली आणि 2021 मध्ये बीजीएमआय हे त्याचे भारतीय रूप अवतरले. सपाट काचेवर अंगठा सरकवून सूक्ष्म नेम धरणे कठीण. शिवाय अंगठा पडदा झाकतो. जायरोस्कोप चालू केला की मोठे वळण अंगठ्याने आणि बारीक दुरुस्ती मनगटाने करता येते. बंदुकीच्या झटक्याने नेम वर सरकू लागला की फोन किंचित पुढे कलवून तो खाली आणता येतो. येथे अंगविक्षेपाची नक्कल नाही. दोन अंश वळवले तर त्याच प्रमाणात, तत्काळ फळ मिळते. ते प्रमाण, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 'सेन्सिटिव्हिटी', ठरवून महिनोन्‌महिने सराव केला की मनगटाला नेमकेपणा येतो. तबलजीला हे निराळे सांगावे लागणार नाही. लोकलमध्येही हे का जमते, याचे उत्तरही त्यातच आहे : जायरोस्कोप वळण मोजतो, गाडी सुटतानाचा वा थांबतानाचा सरळ रेषेतील हिसका त्याच्या मोजमापात येत नाही. त्या हिसक्याने हात डुलला, तर मात्र नेम चुकतो.

या आकर्षणाला एक खर्चिक बाजूही आहे. स्वस्त फोनांपैकी अनेकांत त्वरणमापक असतो, पण जायरोस्कोप नसतो. महाविद्यालयीन महोत्सवांतून मोबाईल गेमच्या स्पर्धा होतात. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्सचा विषय युवक व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. असे असता एका विद्यार्थ्याला मनगट वापरता यावे आणि दुसऱ्याला केवळ अंगठा, ही विषमता क्रीडेच्या कोणत्या नियमात बसते? संयोजक प्राध्यापकांनी सर्व स्पर्धकांना एकाच प्रकारचे फोन पुरवावेत. ते शक्य नसेल, तर जायरोस्कोपसह आणि त्याविना असे दोन स्वतंत्र गट ठेवावेत व प्रवेशपत्रिकेवर तसा रकाना असावा.