दुसऱ्या मुळाचा निवाडा

'वजा बी, अधिक-वजा वर्गमुळात बी-वर्ग वजा चार एसी, भागिले दोन ए' हे वर्गसमीकरणाचे सूत्र दहावीचे विद्यार्थी पाढ्यासारखे घोकतात. परंतु त्यातील 'चार' कोठून आले, अशी पृच्छा केल्यास बहुतेकांची वाचा बंद होते, आणि, खरे सांगावयाचे तर, कित्येकदा शिकविणाऱ्यांचीही.

ते चार श्रीधराचार्यांचे. त्यांचा बीजगणितावरील ग्रंथ लुप्त झाला, तथापि सह्याद्रीच्या सान्निध्यात राहणाऱ्या भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणी'च्या (इ. स. ११५०) बीजगणित-भागात त्यांचा नियम नावानिशी नमूद केला, म्हणून तेवढा दाखला शाबूत राहिला. अव्यक्ताच्या, म्हणजे अज्ञात संख्येच्या, वर्गाचा जो गुणक असेल, त्याच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणाव्या आणि अव्यक्ताच्या मूळ गुणकाचा वर्ग दोहोंकडे मिळवावा, असा तो नियम. चौपट एवढ्याचसाठी की, निम्मे करण्याचा प्रसंग टळून अपूर्णांकांची कटकट वाचावी.

भास्कराचार्यांचाच प्रश्न घ्या: वानरांच्या कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात क्रीडा करीत आहे आणि उरलेले १२ टेकडीवर कोलाहल करीत आहेत, तर एकंदर वानर किती? त्या संख्येस 'य' म्हटले, की य² − ६४य = −७६८ अशी मांडणी होते. चाराने गुणून ६४ चा वर्ग, म्हणजे ४०९६, मिळविताच डावीकडे (२य − ६४) चा पूर्ण वर्ग सिद्ध होतो, उजवीकडे १०२४ राहतात. त्यांचे वर्गमूळ ३२, धन अथवा ऋण. यास्तव वानर ४८ किंवा १६, आणि भास्कराचार्यांना दोन्ही उत्तरे मंजूर.

खरी गंमत पुढील प्रश्नात आहे. तेथे कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग गुहेत शिरतो आणि एकच वानर फांदीवर दिसतो. त्याच रीतीने उत्तरे निघतात ५० आणि ५. पैकी ५ भास्कराचार्यांनी नामंजूर केले. कारण पाचाच्या पंचमांशातून ३ वजा केले तर उणे २ वानर उरतात, आणि असल्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले. हा निवाडा वानरांपुरता रास्तच होय. समीकरणाची मात्र ५ विषयी काडीचीही तक्रार नाही: उणे २ चा वर्ग ४, त्यात फांदीवरचा १ मिळविला, की ताळा बिनचूक जमतो.