फाइल ‘व्हॅलिड’ आहे, पण बरोबर आहे का? पॅकेज पब्लिश करण्याआधी हे बघा



दुकानांसाठी बिलिंगचं छोटं सॉफ्टवेअर करून विकायचं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात आहे. कल्पना चांगली आहे. भांडवल कमी, लॅपटॉप घरचाच आणि गिऱ्हाईक दारात: लालबागच्या मसाला गल्लीपासून दादरच्या रानडे रोडपर्यंत दुकानंच दुकानं. पण तयार पॅकेज एनपीएमसारख्या सार्वजनिक रजिस्ट्रीवर टाकण्याआधी त्यातल्या कॉन्फिग फाइल्स तपासायच्या असतात, आणि नेमकी तीच पायरी घाईत राहून जाते.

कॉन्फिग फाइल म्हणजे सॉफ्टवेअरला दिलेली सूचनांची चिठ्ठी. पॅकेजचं नाव काय, आवृत्ती कितवी, कुठल्या मालाला जीएसटी किती, हे त्यात लिहिलेलं असतं. रजिस्ट्री म्हणजे उघडं गोदाम. तिथून कुणीही तुमचा माल उतरवून घेऊ शकतो.

या गोदामाचा एक नियम नीट लक्षात घ्या. १.०.३ ही आवृत्ती एकदा गेली की तो नंबर संपला. आवृत्ती काढून टाकलीत तरी तोच नंबर परत वापरता येत नाही. आणि काढणंही सोपं नाही. पहिल्या ७२ तासांत काढता येते, तेही दुसरं कुठलं पॅकेज तुमच्यावर अवलंबून नसेल तरच. त्यानंतरच्या अटी आणखी कडक. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अवघं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रजिस्ट्रीवरून काढलं आणि जगभरातल्या मोठमोठ्या प्रोजेक्ट्सचं काम अडलं. काढण्याचे नियम त्यानंतर कडक झाले.

आपल्या गिरगावात, खटाववाडीतलं मौज प्रकाशन गृह काटेकोर मुद्रितशोधनासाठी ओळखलं जातं. पुस्तक छापून बाहेर पडलं की हातात फक्त शुद्धिपत्र उरतं, म्हणून प्रुफं आधी वाचायची. एनपीएमवरचं शुद्धिपत्र म्हणजे ‘डेप्रिकेट’. जुन्या आवृत्तीवर इशारा चिकटतो, पण आवृत्ती तिथेच राहते.

फाइलचं व्याकरण तपासायला फुकट व्हॅलिडेटर मिळतात. जेसन फाइलमध्ये शेवटी राहिलेला जादा स्वल्पविराम, व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करताना आलेले वळणदार अवतरणचिन्ह, सुटलेला कंस, हे सगळं मशीन लगेच पकडतं. त्यावर जास्त बोलायची गरज नाही.

खरी गोची पुढे आहे. मिरची पावडरचा एचएसएन कोड ०९०४. तुम्ही तो अवतरणचिन्हांशिवाय लिहिलात तर व्हॅलिडेटर तक्रार करतो, कारण जेसनमध्ये संख्येच्या सुरुवातीला शून्य चालत नाही. मग काय करता? शून्य उडवता! फाइल ‘व्हॅलिड’ होते, हिरवी खूण येते आणि मसालेवाल्याच्या बिलावर ९०४ छापलं जातं. करायचं होतं ते उलटं: कोड अवतरणचिन्हांत ठेवायचा. एचएसएन कोड दिसतो संख्येसारखा, पण ते नाव आहे. एक्सेलही हेच शून्य गुपचूप गिळतं, त्यामुळे यादी एक्सेलमधून आणत असाल तर दुप्पट सावध राहा.

दुसरं उदाहरण चिवड्याचं. पॅकबंद, लेबल लावलेल्या नमकीनवर १२ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. तुमच्या फाइलमध्ये १२ तसाच राहिला तर व्हॅलिडेटर एक शब्द बोलणार नाही. त्याच्या लेखी १२ ही निर्दोष संख्या आहे! इकडे दुकानदार गिऱ्हाइकाकडून जादा कर घेत बसतो. तो पैसा त्याला ठेवताही येत नाही, सरकारजमा करावा लागतो. आणि गिऱ्हाइकाचं बोलणं खातो तो, तुम्ही नाही. असा दुकानदार पुढच्या वर्षी तुमचं सॉफ्टवेअर घेईल का?

म्हणून आपल्या गिऱ्हाइकांच्या मालाला लागू असलेल्या दरांची यादी करा आणि त्याबाहेरचा आकडा आला की पब्लिश थांबेल अशी छोटी तपासणी लिहा. यादी मात्र कुणाची उचलू नका. ५, १८ आणि ४० एवढंच धराल तर सराफाचा सोन्यावरचा ३ टक्के अडकेल. शिवाय एकच नोंद फाइलमध्ये दोनदा आहे का तेही बघा. बहुतेक वेळा शेवटची नोंद गुपचूप लागू होते.

आता पार्सलमध्ये काय काय भरलं जातंय ते. एसएमएस सेवेची किंवा पेमेंट गेटवेची गुप्त किल्ली आपण ‘डॉट ईएनव्ही’ फाइलमध्ये ठेवतो आणि ती ‘गिटइग्नोर’मध्ये लिहिली की निर्धास्त होतो. पण त्याच फोल्डरमध्ये ‘एनपीएमइग्नोर’ फाइल असेल तर एनपीएम ‘गिटइग्नोर’कडे बघतच नाही. किल्ली सरळ गोदामात! मग तुमच्या पैशाने कुणीही एसएमएस पाठवायला मोकळा. त्यापेक्षा ‘पॅकेज डॉट जेसन’मध्ये ‘फाइल्स’ची यादी द्या, म्हणजे यादीतल्या आणि रीडमी, लायसन्ससारख्या ठरलेल्या मोजक्याच फाइल्स जातील. मग ‘एनपीएम पॅक’ ही आज्ञा ‘ड्राय-रन’ लावून चालवा. काहीही अपलोड न होता जाणाऱ्या फाइल्सची यादी समोर येते. ती ओळ न् ओळ वाचा.

माझं मत विचाराल तर दहा-वीस दुकानांना सॉफ्टवेअर देणाऱ्याला सार्वजनिक रजिस्ट्रीची गरजच नसते. अशा वेळी ‘प्रायव्हेट’ समोर ‘ट्रू’ लिहून ठेवा. चुकून आज्ञा दिलीत तरी एनपीएम पब्लिश करायला नकार देईल.

आणि तरीही किल्ली गेलीच, तर आवृत्ती काढायच्या मागे धावू नका. ती कुणी आधीच उतरवून घेतली असेल. पहिल्यांदा किल्ली बदला. मग १.०.४ काढा, १.०.३ वर डेप्रिकेटचा इशारा लावा आणि जुनी आवृत्ती बसवलेल्या प्रत्येक दुकानात फोन करा. तो इशारा इन्स्टॉल करणाऱ्याला दिसतो, गल्ल्यावर बसलेल्या काकांना नाही.