विश्लेषण : जुन्या आयपॉडमधील गाणी नव्या कम्प्युटरवर कशी आणाल? त्याआधी ‘सिंक’ का करू नये?

शेवटचे आयपॉड मॉडेल बंद करत असल्याचे ‘ॲपल’ने १० मे २०२२ रोजी जाहीर केले. तरी २००१ पासून विकले गेलेले हे प्लेअर अजूनही अनेकांच्या कपाटात पडून आहेत. सीडीवरून उतरवलेली गाणी, कॅसेटवरून डिजिटल केलेले घरचे गाणे, आजीच्या ओव्या असे कोणत्याही स्ट्रीमिंग ॲपवर न मिळणारे काहीही त्यात असू शकते. जुना कम्प्युटर बंद पडला असेल, तर आयपॉडमधली प्रत हीच एकमेव प्रत. ती एका क्लिकवर पुसलीही जाऊ शकते.

धोका नेमका काय?

आयट्यून्सचे सिंक मुख्यतः एकाच दिशेने चालते. कम्प्युटरवरील लायब्ररीत जे असेल, तेच प्लेअरमध्ये राहते. नव्या कम्प्युटरवरची लायब्ररी रिकामी असते. आयपॉड जोडताच तो दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला असल्याचा संदेश येतो. तिथे ‘इरेज अँड सिंक’ दाबले, की जुनी गाणी जातात. ‘ट्रान्सफर पर्चेसेस’ हा पर्याय फक्त आयट्यून्स स्टोअरमधून विकत घेतलेली गाणी आणतो, सीडीवरून घेतलेली नाही. म्हणून ‘कॅन्सल’ दाबा.

जुन्या कम्प्युटरची हार्ड डिस्क चालत असेल तर?

मग काम सोपे. ‘म्युझिक’मधील ‘आयट्यून्स’ हे संपूर्ण फोल्डर नव्या कम्प्युटरवर कॉपी करा. विंडोजवर शिफ्ट दाबून ठेवत आयट्यून्स उघडले, की लायब्ररी निवडण्याचा पर्याय येतो. तिथे हे फोल्डर दाखवा. सगळे संगीत या फोल्डरमध्येच असेल, तर गाण्यांबरोबर प्लेलिस्टही परत मिळतात.

फक्त आयपॉडच उरला असेल तर?

- आयपॉड जोडण्याआधी आयट्यून्सच्या ‘प्रेफरन्सेस’मधील ‘डिव्हाइसेस’मध्ये जाऊन आपोआप सिंक होणे बंद करा.
- आयपॉड जोडा. क्लासिक, मिनी, जुने नॅनो असे चाकाचे मॉडेल ड्राइव्ह म्हणून दिसत नसेल, तर मेनू आणि मधले बटण ॲपलचा लोगो येईपर्यंत एकत्र दाबा. लगेच मधले आणि प्ले बटण धरून ठेवा. ‘डिस्क मोड’ सुरू होतो.
- फाइल एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या फाइल दाखवण्याचा पर्याय निवडा. ‘आयपॉड कंट्रोल’ हे फोल्डर दिसेल. ते जसेच्या तसे कम्प्युटरवर कॉपी करा.

मॅकवर तयार केलेला आयपॉड विंडोजमध्ये सहसा उघडत नाही, त्यासाठी मॅकच लागतो. आयपॉड टचला ही पद्धत लागू होत नाही.

गाण्यांची नावे विचित्र का दिसतात?

आयपॉड गाणी ठेवताना ती वेगवेगळ्या फोल्डरमध्ये विखुरतो आणि फाइलला चार अक्षरांचे निरर्थक नाव देतो. घाबरू नका. गाणे, गायक, अल्बम ही माहिती बहुतेक वेळा फाइलच्या आतच ‘टॅग’ म्हणून लिहिलेली असते. आयट्यून्सच्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये फाइल कॉपी करण्याचा आणि नीट लावून ठेवण्याचा असे दोन्ही पर्याय निवडा. मग कॉपी केलेल्या फोल्डरमधील ‘म्युझिक’ लायब्ररीत जोडा. टॅग वाचून नावे आपोआप लागतात. घरच्या रेकॉर्डिंगला टॅग नसेल, तर मात्र ऐकून नाव स्वतः लिहावे लागेल.

काय परत मिळत नाही?

प्लेलिस्ट, रेटिंग आणि गाणे किती वेळा ऐकले ही नोंद आयपॉडच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. गाण्याच्या फाइलबरोबर ती येत नाही. आयट्यून्स स्टोअरमधून जुन्या काळी घेतलेल्या काही गाण्यांना कॉपीसंरक्षण आहे. ती वाजवायला मूळ खात्याचा पासवर्ड लागतो.

मग सिंक कधी करावे?

आधी आयपॉडवरील गाण्यांची संख्या लायब्ररीशी ताडून पाहा. पाच-दहा गाणी वाजवून खात्री करा. नंतर दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. १२८ केबीपीएस दर्जाचे गाणे मिनिटाला साधारण १ एमबी जागा घेते. म्हणजे पाच मिनिटांची २००० गाणी सुमारे १० जीबीत बसतात, १६ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. दोन्ही प्रती हातात आल्यावर खुशाल ‘इरेज अँड सिंक’ दाबा. २०१९ नंतरच्या मॅकवर हे काम आयट्यून्सऐवजी फाइंडरमधून होते. क्रम मात्र तोच : आधी कॉपी, मग पडताळणी आणि शेवटी सिंक.