कुंकवापल्याडचा लाल
इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई हे रोमन शहर गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या उत्खननात एक हस्तिदंती बाई सापडली. वीतभराहून जरा उंच, अंगावर दागिनेच दागिने, आणि दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. दासींच्या हातात प्रसाधनाची पात्रं. तिला लक्ष्मी म्हणण्याचा प्रघात पडला, पण ती यक्षी असावी. पुढे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं, तेव्हा तिच्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती केळणा नदीकाठच्या या गावात निघाली. पाँपेईची बाई भोकरदनच्या बाजूला घडली असावी, असं मत पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलं. सातवाहनांच्या काळात हे गाव भोगवर्धन होतं, आणि इथल्या दात्यांची नावं सांचीच्या स्तूपावर कोरलेली आहेत.

पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यात वरून छिद्र आहे. कुणी म्हणतं हा आसनाचा पाय, कुणी म्हणतं आरशाची मूठ. दासींच्या हातातली पात्रं पाहता मला आरसाच पटतो.

त्या पात्रांत काय असायचं? कामसूत्रातला नागरक, म्हणजे शहरी रसिक पुरुष, सकाळी ओठांना मेण आणि अळता लावतो, आरशात तोंड पाहतो, विडा खातो आणि मग कामाला लागतो. अळता म्हणजे लाखेचा लाल रंग. मेणाच्या आधाराने ओठांवर रंग टिकवायचा, ही आजच्या लिपस्टिकचीही युक्ती. आणि ती इथे सांगितली आहे पुरुषाला! रंगलेले ओठ म्हणजे बाईचा नखरा, हे नंतर कधीतरी ठरलं.

मराठी घरात लाल रंगाचा कारभार कुंकवाकडे होता. हळकुंडांना लिंबाचा रस आणि टाकणखार लावून वाळवायचं, कुटायचं, वस्त्रगाळ करायचं. कपाळाला आधी मेण, त्यावर कुंकू. फणेरपेटीत आरसा, फणी, करंडा. काजळ एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं. यात हौस होतीच, पण प्रत्येक वस्तूवर नवऱ्याच्या आयुष्याची नोंद होती. कुमारिकेची टिकली वेगळी, सवाशिणीचं आडवं कुंकू वेगळं, आणि विधवेला करंडाच बंद. हळदीकुंकवाच्या बोलावण्यातूनही तिचं नाव गळायचं. पुढे चिकट टिकली आली आणि मेणाची कटकट गेली, मात्र तिच्या गोंदातल्या रसायनाने काहींच्या कपाळावर पांढरे डाग पडू लागले.

लिपस्टिक या वहीत कुठेच बसली नाही. पॅरिसमध्ये १९व्या शतकाच्या उत्तरार्धात ती दुकानात आली, १९१५च्या सुमारास अमेरिकेत धातूच्या नळीत शिरली. मेण, तेल आणि रंग एवढाच तिचा ऐवज, तेलांत मुख्य आपलं एरंडेलच. स्वातंत्र्यानंतर परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जाऊ लागलं, ते देशातच राहावं म्हणून १९५२ साली टाटांनी फ्रेंच कंपन्यांच्या मदतीने मुंबईत ‘लॅक्मे’ काढली. पुढे सिमोन टाटांनी ती नावारूपाला आणली. १९५२ सालीच परळला पेंढारकरांची ‘विको’ सुरू झाली. तिची हळदीची क्रीम औषध की सौंदर्यप्रसाधन, यावर अबकारी खात्याशी झालेला वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. हळद नेमकी कुठल्या खणात ठेवायची, हे आजीला कधी विचारावं लागलं नव्हतं!

लिपस्टिक लावणाऱ्या मुलीला ‘नटवी’ ऐकावं लागलं, लागतंही. पण लिपस्टिक लग्नाने मिळत नाही आणि नवरा गेला म्हणून समारंभपूर्वक पुसलीही जात नाही. कटलरीच्या दुकानात पैसे मोजले की झालं. कुंकवाचं तसं नव्हतं. ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं त्यात आलं. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं.